दम

नऊच्या सुमारास भट्टीच्या पोटात केशरी उजेड भरला
तेव्हा भूपालअण्णा म्हणाले,
"आता हवा तोड.
पर गळा दाबू नगंस."

भिलवडीच्या मागं, माळावर, पत्र्याच्या शेडात आम्ही दोघं.
सिलिंडर पाण्याच्या पिंपात बसवलेले,
तरी त्यांच्या अंगावर हिव चढलेलं.
आत हजार अंश.

फेल्डस्पार म्हणजे काय ते अण्णांना ठाऊक नाही.
कारखान्याच्या बॉयलरवर एकतीस हंगाम काढले त्यांनी.
आगीला किती घास आणि किती वारा
हे आवाजावरून सांगतात.

मी डॅम्पर दोन बोटं आत सरकवला.
भट्टी घुसमटली.
भोकातून जीभ आली, लांब, हिरवट,
शेडातली हवा चाटायला लागली.
"उपाशी हाय," अण्णा म्हणाले. "आता मातीलाच मागंल."

आणि माती देते.
तिच्यातलं लोखंड आपल्या वाट्याची हवा सोडून देतं,
तांबूसपण टाकतं, काळंनिळं होतं.
कुणी बघत नसताना.

झिलई चिपाडाच्या राखेची.
पोतं अण्णांनीच आणून दिलं, गेल्या गळिताचं.
चाळताना मला नाकातोंडाला फडकं बांधायला लावलं
आणि स्वतः लांब, उंबराखाली जाऊन बसले.
त्यांच्या छातीत चिपाडाचा भुगा आहे.
मिरजेच्या डॉक्टरांनी फोटोत दाखवला होता,
दोन्हीकडं, धुकं पडल्यासारखा.

पहाटे तीनला आत सगळंच पांढरं.
शंकू दिसेना.
अशा वेळी नळीतून फुंकर मारायची,
क्षणभर उजेड फाटतो आणि तो दिसतो,
उभा की वाकलेला.
मी दोनदा मारली. नाही फाटला.
"आण हिकडं."
मी नको म्हणेपर्यंत नळी त्यांच्या ओठांत होती.

वाकला होता शंकू. पार टोक टेकेपर्यंत.
मी गॅस बंद केला.
नंतर बराच वेळ शेडात खोकल्याचाच आवाज,
आणि विटांचा, आखडताना होतो तो.

तिसऱ्या दिवशी दार उघडलं.
सत्तावीस वाडगे. अकरा चिरलेले,
बाकीचे बरेचसे चिखलाच्या रंगाचे.
एकाच्या तळाशी मात्र
उसाच्या पेरापाशी असतो तसला
पांढुरका, धुरकट हिरवा.

अण्णांनी नखानं टिचकी मारली.
नाद संपेपर्यंत कान लावून ऐकला.
"दम हाय ह्यात," म्हणाले.

मग सायकलच्या सीटवर हात टेकून
उभे राहिले, निघायच्या आधी,
बराच वेळ.