हजारात तीन

आमच्या पेटीत मिठाचं धुकं असतं.
पस्तीस अंश, शेकडा पाच मीठ,
पाणी इतकं नितळ की बाटलीत भरून विकावं.
पाचशे तास स्विच त्यात टांगलेला होता.
एकविसाव्या दिवशी काढला, पुसला, हलवला.
टक्, चालू. टक्, बंद.
मी सही केली.
मिरजोळ्याच्या त्या शेडमध्ये
सगळ्यांना चहाबरोबर खारी मिळाली.

नोव्हेंबरात नूरुद्दीन होडेकर आले,
हातात आमचाच पंप, वर्तमानपत्रात गुंडाळलेला
बांगड्यासारखा.
"पानी चढला, हा उठलाच नाय," म्हणाले. एवढंच.
रागावले असते तर बरं झालं असतं.

उघडून पाहिलं.
गंज नाही. तार शाबूत. गॅस्केट नव्यासारखं.
पाण्याबरोबर वर यायचा तो गोळा
तळालाच बसून राहिलेला
आणि बिजागरीत एक खवलं,
नखाएवढं.
उजेडात धरलं तर त्यात सगळे रंग.

पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे.
पंप का थांबला? गोळा वर आला नाही.
का? खवलं अडकलं.
का? फट दीड मिलिमीटर, खवल्याचं माप घेऊनच ठेवल्यासारखी.
का? आम्ही पाणी म्हणजे पाणीच धरलं होतं.
पाचवा 'का' मी फळ्यावर लिहिला नाही.
त्याच्या उत्तराखाली माझी सही होती.

पहाटे मिरकरवाड्याला गेले, बादली घेऊन.
होडीच्या तळातलं पाणी मागणारी बाई
धक्क्यावर कुणी पाहिली नसावी.
पोरं हसली, पण भरून दिली.
डिझेल, वितळलेला बर्फ, म्हाकुलाची शाई,
कोळंबीच्या मिशा, विडीचं थोटूक, सुतळी.
रिक्षावाल्यानं दुप्पट भाडं घेतलं,
योग्यच घेतलं.

तीन आठवडे लॅबमध्ये कुणी डबा उघडला नाही.
शिवलकर साहेब नाकाला रुमाल लावून विचारत,
"हे कोणत्या मानकात बसतं?"
कुठल्याच नाही.
चौथ्या दिवशी पहिला स्विच गेला.
अकराव्या दिवसापर्यंत बारातले सात.
मी टाळी वाजवली, तेव्हा पलीकडच्या शेडमधला फिटर
काय जिंकलं बघायला आला.
त्याला काय सांगणार,
मोडलं ते इथे मोडलं, टेबलावर,
वीस वाव पाण्यात नाही.

मग बिजागरी काढूनच टाकली.
जे नाहीच ते अडकत नाही.
भोवती जाळी बसवली, पुन्हा बादली,
पुन्हा रिक्षा. या वेळी दुसरा रिक्षावाला.
आकडा आला, वर्षाला हजारात तीन.
"उत्तम," साहेब म्हणाले, आणि खरंच उत्तम होता.
पण तोवर मला होड्यांची नावं माहीत झाली होती.
हजार काही डोळ्यांपुढे येत नव्हत्या.
तीन येत होत्या.
'भैरीकृपा'. 'अल-बहार'. आणि ती निळी,
जिचं नाव अर्धं खरवडलेलं आहे.

नवा पंप बसवायला मी स्वतः गेले.
होडेकरांच्या होडीत, आडव्या फळीला,
नायलॉनच्या दोरीनं बांधलेला
तेलाचा पाच लिटरचा डबा, तोंड कापलेलं.
म्हटलं, चाचा, हा आता काढून टाका.
ते माझ्याकडे बघत राहिले.
"पंप बंद पडनार, असा धरूनच आमी निघतो.
डबा कसा बंद पडल?"

माहितीपत्रकाच्या शेवटी मी एक ओळ घातली,
'उपसायचा जुना डबा होडीवरच राहू द्या.'
विक्री विभागाचे खातू दोन दिवस भांडले.
गिऱ्हाईक म्हणेल, यांचाच यांच्या मालावर भरवसा नाही.
म्हटलं, हजारात तीनांपुरता नाहीच आहे.
शेवटी ओळ राहिली.
बारीक टाइपात, गॅरंटीच्या खाली,
कागदाची घडी पडते नेमकी तिथे.

घडीवरची शाई आधी उडते.
एक पत्रक बादलीत टाकून ठेवलंय.
आज सहावा दिवस.
'डबा' अजून वाचता येतं.