चिखल वाळल्यावर

पावसाळाभर मला काम असं नव्हतंच.
चिखल होता ना. गुडघाभर, काळा,
चोराची चप्पल ओढून ठेवणारा,
सकाळी बोटांसकट पाऊल दाखवणारा.
हस्त संपला, आश्विनातलं ऊन पडलं,
आठवड्यात जमीन विटेसारखी कडक.
आता तिच्यावरून कुणीही जावं,
ती सांगायची नाही कोण गेलं ते.

म्हणून सुपरवायझरनं नवी वही दिली.
बारा एमएमच्या सळया दोनशे बारा,
सेंटरिंगच्या प्लेटा नव्वद, त्यातल्या सात वाकड्या,
बाइंडिंग तार, सिमेंट, एक पंप,
हॅलोजन दोन, एक नुसताच टांगलेला.
"चन्नप्पा, दिवाळीत डोळा लागू देऊ नको.
मजूर जातात जत, इंडी, कलबुर्गीला,
आणि फटाक्यांच्या आवाजात
लोखंड कापलेलं कळत नाही."
हे त्याला कसं ठाऊक, मी विचारलं नाही.

माझ्याकडे काठी, शिट्टी, बॅटरी,
शेंगाचटणी, कडक भाकरी
आणि एक कुत्री, बिनपगारी.
ऊन उतरलं की पत्र्याचं कुंपण
आपलं आपण कडकडतं.
पहिले आठ दिवस दर आवाजाला उठलो.
मग फरक कळायला लागला.
पत्रा वाजतो तो वाजतोच.
माणूस वाजला की थांबून ऐकतो.

वसुबारसेच्या रात्री
असं थांबून ऐकणारं काहीतरी वाजलं.
कुत्री भुंकली नाही.
मी ओरडलो, कोण हाय?
यारू?
कौन है बे?
सोलापुरात एका भाषेत हटकून भागत नाही.
शेवटी म्हटलं, एवरू?
तेव्हा खांबामागून आलं, "नेनेरा."
मीच रे.

मीच म्हणजे मोगलय्या. सत्तरीच्या पुढचा,
लेंगा, सदरा, हातात पिशवी.
आधी पिशवी बघितली, नोकरी ती नोकरी.
चष्म्याचं घर. एक पिकलेलं सीताफळ.
इथे गिरणी होती तेव्हा
हा तिसऱ्या पाळीत सव्वीस वर्षं.
"गेटपासून एकशे चाळीस पावलं," म्हणाला,
"मग डावीकडं तेरा. तिथं माझा माग."
बाहेरच्या माणसाला आत सोडायचं नाही,
पाटी लावलेली आहे,
अक्षर माझंच.
मी त्याला माझं पिवळं हेल्मेट दिलं.

तो ओठ हलवत मोजत निघाला.
विटांच्या ढिगाला वळसा पडला,
तेवढी पावलं त्यानं वजा केली.
एकशे चाळीस. मग डावीकडे.
अकराव्या पावलावर मी त्याचा दंड धरला.
पुढे लिफ्टचा खड्डा.
तळाला पावसाचं पाणी,
अख्ख्या साइटवर तेवढंच वाळायचं राहिलेलं.

बॅटरी मारली. तो वाकून बघत राहिला.
बघण्यासारखं काही नव्हतं,
एक बेडूक होता.
"इथं आता काय होणार?"
"लिफ्ट."
"किती मजले?"
"अकरा."
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"माझा धोटा आडवा जायचा."

तिथंच सळयांच्या चवडीवर बसून
सीताफळ खाल्लं, निम्मं निम्मं.
बिया खड्ड्यात टाकल्या.
एकेक बी खाली पोचल्याचं ऐकू यायचं.
लांब कुठेतरी, जुळे सोलापूरकडे असेल,
एक चुकार लवंगी माळ वाजून गेली
तसा मी सवयीनं सळयांवर हात ठेवला.
तो हसला. हेल्मेट काढून दिलं,
आतून रुमालानं पुसून.

सकाळी वही.
सळया दोनशे बारा. प्लेटा नव्वद. पंप एक.
शेवटचा रकाना: रात्री कुणी आलं होतं का.
मी पेन धरून बसलो.
कुत्री समोर बसून बघत होती,
तिला कालचंही ठाऊक,
त्याच्या आधीचंही असणार,
त्याशिवाय शेपूट हलवलं नसतं.
सुपरवायझरची मोटारसायकल वळणावर ऐकू आली.
लिहिलं,
पत्रा वाजला.