लाब्राडोरहून, जहाज निघण्याआधी

सलोमे,
तुझं पत्र जुलैत पोचलं, मीठ आणि डांबराचा वास घेऊन.
विचारतेस, देवाची इच्छा ओळखायची कशी?
त्या सुताराने, क्रिस्टलीबने, मागणी घातली आहे,
आणि लग्नासाठी आता तिकडे
चिठ्ठ्याही टाकत नाहीत म्हणे.

आमच्या वेळी सोपं होतं.
लाकडी वाडगं. तीन चिठ्ठ्या, सुरळी केलेल्या:
एकीवर होय, एकीवर नाही, एक कोरी.
कोरी आली तर थांबायचं.
यास्परबंधू गुडघे टेकायचे, मागोमाग आम्ही सगळे,
आणि एक हात वाडग्यात उतरायचा,
थंडीने उललेला, माशांच्या वासाचा.
तो हात देवाचा, असं आम्ही धरून चालायचो.

तुझे वडील मला चिठ्ठीतच मिळाले.
सॅक्सनीत सूत कातत होते मी, बावीस वर्षांची.
त्यांचा चेहरा पाहिला तो थेट इथल्या धक्क्यावर:
दाढीत बर्फ, टोपी उलटी धरलेली.
मला हसू आलं. तेवढं पुरलं.

तू गेलीस तीही चिठ्ठीवरच.
सहा वर्षांची. पुढचे दोन दात पडलेले.
मिशनची मुलं शाळेला समुद्रापार जातात, हा रिवाजच;
पण त्या साली तुझा खोकला हटत नव्हता,
म्हणून वडिलांनी विचारायला लावलं.
होय आलं.
मी तुझं गाठोडं बांधलं, गाठ दोनदा सोडून दोनदा मारली,
आणि धक्क्यावर रडले नाही.

आता लिहिते ते कुणाला वाचून दाखवू नकोस.
त्या हिवाळ्यात प्रार्थनागृहातलं टेबल पुसताना
फळीच्या फटीत पांढरं काही दिसलं.
विणायच्या सुईने उकरून काढलं.
नाही.
यास्परबंधूंचं वळणदार अक्षर, शाई जराशी उडालेली.
कधी पडली असेल?
तुझ्या दिवशी? की नंतर,
कुणाच्या तरी छपराचा प्रश्न होता तेव्हा?
वाडग्यात दोनच उरल्या होत्या
आणि कुणीच मोजल्या नव्हत्या.

रात्रभर देवाशी भांडले. भांडणच ते,
त्याला प्रार्थना म्हणणार नाही.
तो काही बोलला नाही.
सकाळी पीठ मळायचं होतं, मळलं.

मार्चमध्ये ताबेआबरोबर गोठलेला उपसागर ओलांडत होते.
पलीकडे एक बाळंतीण अडली होती.
ताबेआ इथलीच, इनुइट;
बाप्तिस्म्याआधीचं नाव तिने मला अजून सांगितलेलं नाही.
तिच्या हातात भाल्याचा दांडा.
ठोका. कान. पाऊल.
पुन्हा ठोका.
बर्फ बद्द वाजला की ती डावीकडे वळे.
मी विचारलं, पार पलीकडेपर्यंत धड आहे का गं?
म्हणाली, ते मला काय ठाऊक?
बाई तिकडे आहे, एवढं ठाऊक आहे.

ती चिठ्ठी माझ्या स्तोत्रांच्या पुस्तकात आहे.
कधी वाटतं, तू इथे राहिली असतीस
तर पुढच्या वर्षीच्या गोवराने तुलाही नेलं असतं,
आणि लगेच लाज वाटते:
दुसऱ्यांच्या अकरा मुलांच्या दगडांवर
मी माझं उत्तर कोरायला बसले.
म्हणून विचारणं सोडलं.
सोडलं म्हणजे, रोज सोडते.

क्रिस्टलीबविषयी तू चार पानं लिहिलीस.
तो आजाऱ्या शेजारणीला लाकडं फोडून देतो,
हे त्यात दोनदा आलंय. मीही ते दोनदा वाचलं.
याहून जास्त मला काही कळत नाही, पोरी.
पुढचा ठोका तुझा तूच मार,
आणि कान दे.

जहाज उद्या निघेल, वारा फिरला तर परवा.
गाठोड्यात सीलच्या कातड्याचे बूट आहेत.
तुझा पाय मी चौदा वर्षांत पाहिला नाही.
माप अंदाजाने घेतलंय;
सैल झाले तर आत लोकर घाल.

तुझी आई