अकरा आकडे

ऐरणीवर दोन वर्षं कोंबडी बसत होती.
घोडीनं लाथ घातली, मणका सरकला,
मी कुणाला काही कळवलं नाही.
मग टॅमवर्थच्या पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट,
विजेच्या बिलाखाली चिकटून आलेलं:
धंदा दिसत नाही, सबब नंबर रद्द.

सबब माझ्याकडेही होती.
ती कुणी मागितली नाही.

आता पाठ बरी आहे. बरी म्हणजे, वाकली की पुन्हा उठते.
ग्रेव्हिलच्या तबेल्यात सहा घोडे, खूर वाढलेले.
तो म्हणतो, नाल ठोक, पण बिलावर नंबर हवा,
नाहीतर निम्मे पैसे मला कापून ठेवावे लागतात, बाबा.

फोनवरची बाई विचारते, धंदा चालू आहे का?
नंबर मिळाला की होईल.
चालू असला तरच नंबर मिळतो, सर.
मी शेडकडे पाहिलं. कोंबडीनं माझ्याकडे.

आहे, म्हणालो,
आणि शब्द खोटा पडू नये म्हणून
फोन खांद्यात दाबून भट्टी पेटवली.

नवा नको, जुनाच द्या.
व्हॅनच्या दारावर कोरानं हातानं रंगवलाय,
नऊ वर्षांची होती तेव्हा.

जुनाच मिळेल, म्हणाली,
आणि एकेक आकडा वाचत गेली.
मी दारावरची लाल धूळ बोटानं पुसत
तिच्या मागोमाग.
शेवटी ती म्हणाली, सात.
मी म्हणालो, तिरका.
काय?
काही नाही.