कसर

आठवीत, सेलूच्या शाळेत,
व्हरांड्यातून कुणीतरी ओरडलं, "ए पुस्तकी किडा!"
सगळ्या हसल्या.
अशा वेळी रडायची पद्धत आहे.
मला प्रश्न पडला :
कोणता?

म्हणजे नेमका कोणता किडा?

मधल्या सुट्टीत डबा न उघडता
मी मोंढ्यामागच्या वाचनालयात.
गफूरचाचा म्हणाले, "काय हुडकायलीस गं?"
म्हटलं, किडा.
त्यांनी चष्मा पुसला, मग शिडी लावली,
आणि उर्दू पुस्तकांचं ते कपाट उघडलं
ज्याची किल्ली शोधायलाच अर्धा तास गेला.
"बघ. इथं सगळे सापडतील तुला."

आरपार गोल भोक पाडते ती भुंग्याची अळी.
धुळीच्या कणासारखी पळते ती बुरशी खाणारी ऊ.
आणि पान खरवडल्यासारखं दिसलं
तर ती कसर.
चंदेरी, माशासारखी, मागे तीन लांब केस.
कागदापेक्षा तिला बांधणीतली खळ प्यारी.
म्हणजे गोष्टीशी तिचं देणंघेणं नाही,
गोष्ट ज्यानं धरून ठेवलीय
ते ती चाटते.

शाळा सुटल्याची घंटा मला ऐकू आली नाही.
घरी मार बसला. तोही नीट लक्षात नाही.

लोकांना वाटतं किडा म्हणजे पहिला नंबर.
पहिला नंबर प्रमोदिनी धारासूरकरचा.
तिला मार्क हवे होते, तिनं मिळवले,
व्यवहार चोख.
मला गणितात बावन्न,
कारण तिसऱ्या प्रश्नात एक टाकी भरत होती
आणि तिला तळाशी भोक का ठेवलं असेल
यातच माझा वेळ गेला.
पुढं लातूरला घातलं क्लासला.
सर म्हणाले, परीक्षेला येणार नाही ते विचारायचं नाही.
मला नेमकं तेवढंच विचारायचं होतं.

आई म्हणायची, "सगळं हाय पोरीत,
एवढी एक कसर राहिली बघा."
शब्द तिनं अगदी अचूक वापरला,
तिला पत्ता नसताना.

मग मानवतहून पाहुणे आले.
कापडाचं दुकान, दोन मजली.
मुलाच्या काकानं विचारलं, छंद वगैरे?
मावशीनं मागून चिमटा काढला, भरतकाम म्हण.
मी म्हटलं, कसर.
आणि सुरू झाले.
चहावर साय धरली, पोहे गारठले,
मी सांगत होते की ती महिनोन् महिने उपाशी राहू शकते,
बाकीचे किडे मोठे झाले की कात टाकणं थांबवतात,
ही मरेपर्यंत टाकत राहते.
मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही डांबरगोळ्या टाकतो."
मी म्हटलं, तिला फारसा फरक पडत नाही हो.
दुकानाचाच अपमान झाला म्हणे.

उठले. चपला घालताना
मुलाची धाकटी बहीण, नऊ-दहा वर्षांची,
एक चप्पल पायात, एक हातात,
उंबऱ्यात तशीच थांबली :
"ती शेवटपर्यंत कात टाकती म्हनलात.
मग आपण मोठं झालो
हे तिला कळतं कसं?"

"चल गं रेवती," कुणीतरी ओढलं तिला.

स्थळ मोडलं.
त्या रात्री मला झोप लागली नाही,
आई शेजारी पडून डोक्यावरून हात फिरवत राहिली,
तिला वाटलं नकार लागला पोरीला.
मी अंधारात डोळे उघडे ठेवून
इतकी खुशीत होते
की ते तिला सांगायची लाज वाटली.
उत्तर मला येत नव्हतं.
तोवर मला वाटत होतं, सगळं येतं.

आता पंधरा वर्षं झाली.
कोषागारात नोकरी आहे, तिथं जुन्या फायली भरपूर.
कपाटात हॉर्लिक्सची बाटली,
आत गव्हाच्या पिठाची चिमूट, घडी घातलेला कागद,
आणि ती.
रात्री बॅटरी लावून वहीत लिहिते :
कात एकविसावी. लांबी तीच.
मोठी झाली का? खाली रकाना कोरा.

मानवतकडची रेवती कुणाला भेटली
तर एवढं सांगा,
अजून बघणं चालू आहे.