नाव कमी करू नका

उद्यमनगरात खाली लेथ बंद, वर आमची खोली.
एसीचा गारठा, अंगावर आईची शाल,
काळ्या पडद्यावर लुकलुकता कर्सर
आणि पहाटेचे पावणेतीन.

पाच नोड आमचे.
एक इथं, एक राजारामपुरीत, एक बावड्यात,
एक गोकुळ शिरगावला,
पाचवा शिरोलीत, फौंड्रीमागच्या इमारतीत.
चौदा दवाखान्यांचे एक्स-रे त्यांच्या पोटात,
गडहिंग्लजच्या कुणाचं मोडलेलं मनगट,
मलकापूरच्या कुणाचं अजून न जन्मलेलं पोर.
प्रत्येकाच्या तीन प्रती, तीन ठिकाणी.
कुठली कुठं, मला पाठ नाही.
गणित ठरवतं. विचारलं तर गणितच सांगतं.

रात्री राजाराम बंधाऱ्यानं पंचेचाळीस फूट ओलांडले,
हायवेवर पाणी आलं
आणि साडेअकराला शिरोली गप्प झाली.

स्टेटस, मी विचारलं.
उत्तर पिवळं.
पाचांतले चार बोलतायत, बहुमत शाबूत.
बारा डिस्क डाउन.
रात्रपाळीला तिथं हिदायत मुजावर एकटा.
त्याचा फोन लागत नाही,
आणि फोनचं स्टेटस सांगणारी कमांड
माझ्याकडं नाही.

यंत्राला दम नसतो.
दहा मिनिटं वाट बघतं, मग गेला म्हणतं,
आणि त्याचा सगळा बोजा
उरलेल्यांत वाटायला घेतं.
उरलेल्या चौघांत जागा तेवढी कुठाय?
एकाचं पाणी सगळ्यांच्या नाकाशी येईल.

आठवं मिनिट चालू होतं.
एकेक अक्षर बघून टाईप केलं :
सेट नोआउट.
एन्टर.

म्हणजे, हा गप्प आहे, गेलेला नाही.
नाव कमी करू नका.

हे वाक्य माझं नव्हे.
पुरवठा कार्यालयाच्या खिडकीशी
आई हेच म्हणाली होती.
रणधीर सांगलीला म्हणून गेला, त्याला अकरा वर्षं झाली.
क्लार्क म्हणाला, मावशी, अंगठा उठला नाही
तर नाव आपोआप जातंय बघा.
आई म्हणाली, जाईल कसं? त्यो कुठं मेलाय?
फोन लागंना, एवढंच.

चार वाजता आमच्याच रॅकमधून खट् खट्.
डिस्क नंबर सतरा.
तिच्या तब्येतीचा अहवाल काढला,
खराब सेक्टर नऊ हजारांवर.
झेंडा लावलेला असला तरी
हातानं बाहेर काढता येतं.
काढलं.
हात थरथरला नाही.
नंतर चहा ओतताना जरा थरथरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन.
"ताई, झोपलाईस काय?"
"बसलोय अजून," मी म्हणाले.
आमच्याकडं बायकासुद्धा बसलोयच म्हणतात.
तीन मजले यूपीएस खांद्यावर चढवला म्हणाला,
शेंगा खाल्ल्या, पावसाचं पाणी प्यालो,
आणि मशीन बंद करताना, ताई,
रीतसर बंद केली बरं का, वायर नाही ओढली.
मग जरा थांबून :
"मला काढलं तर नाहीस न्हवं?"

लाईट आली तशा बारा डिस्क एकेक करून उठल्या,
आजारातून उठलेल्या माणसासारख्या
आधी काय काय चुकलं ते विचारत.
पडद्यावर मागं राहिलेल्यांचा आकडा :
दोन लाख अकरा हजार.
नव्वद.
चाळीस हजारांवर बराच वेळ अडला.
मी नखं खाल्ली.
रात्री नऊला शून्य. हिरवं.

अनसेट, मी टाईप केलं.
झेंडा काढायलाच लागतो.
विसरलं तर पुढं कधी
खरंच गेलेला कोण, ते कुणालाच कळत नाही.
हे मी नवीन पोरांना शिकवते,
वहीत लिहून घ्यायला लावते.

सकाळी घरी आले तर आई तयार.
प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड,
अंगठ्याची आज शेवटची तारीख.
मोपेडवर मागं बसून
तिनं पिशवी पोटाशी धरली.
दसरा चौकाच्या सिग्नलला म्हणाली,
तूच बोल खिडकीत. तुला जमतंय.
पाच माणसं म्हणून सांग.

सिग्नल सुटला.
मागून हॉर्न वाजायला लागले.