जिथून उजेड परत येत नाही

हुआलिएनच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
मी तोंडांचे फोटो काढते.
चेहऱ्यांशी माझा संबंध नाही.
जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या,
टाळूवरच्या वळ्या, ओहोटीनंतरच्या वाळूसारख्या.
फाइलला नाव नसतं, आकडा असतो.

पडदा ओढायचा. मग निळा दिवा.
चष्म्याच्या पिवळ्या काचेतून
धड मांस हिरवं उजळतं,
कोवळ्या पेरूसारखं.
बिघडलेलं उजळत नाही.
अर्थात काळं दिसलं म्हणजे वाईटच, असंही नाही:
चावलेला गाल काळा दिसतो,
सुजलेली हिरडीसुद्धा.
उजेड फक्त एवढंच सांगतो, इथून मी परत आलो नाही.

लेकाल आला तेव्हा नखांत खडीची धूळ होती.
सत्तावीस वर्षं ट्रक, किनाऱ्याच्या रस्त्यावर,
डावीकडे कडा, उजवीकडे पॅसिफिक,
आणि डोळा लागू नये म्हणून
गालात सुपारी.
आ करा, म्हटलं.
दातांच्या फटीत तीन बोटं मावायला हवीत.
दोन मावली. तीही तिरकी.

यंत्र पाच सेकंदांत रेघ ओढतं, लाल.
मी हाताने ओढते ती पिवळी,
मला वीस मिनिटं लागतात, आणि चहा.
त्याच्या डागाभोवती दोन्ही जुळल्या नाहीत.
यंत्राची जरा आत, माझी जरा बाहेर.
डॉक्टर श्यू म्हणाले, मधल्या पट्टीतून तुकडा घेऊ.
पट्टीची रुंदी दोन मिलिमीटर.
रिपोर्टला आठ दिवस.
लेकाल आठ दिवस त्या दोन मिलिमीटरमध्ये राहिला.

कर्करोग नाही. अजून नाही.
त्यातला ‘अजून’ त्याने दोनदा म्हणून पाहिला,
एकदा आमच्या भाषेत,
एकदा अमीसमध्ये, भिंतीकडे तोंड करून.

डागावर औषध लावून दोन तास बसायचं.
बोलायचं नाही, गिळायचं नाही.
त्याच्या वाटणीचं साऊमाह बोलली.
नऊ नंबरच्या रस्त्यावर तिचा काचेचा खोका,
डोक्यावर हिरवी-गुलाबी नळी, रात्रभर जळणारी,
ड्रायव्हर लांबून उजेड पाहून ब्रेक दाबतात.
“याला मीच चुना लावला,” ती म्हणाली.
मग घाईने, “पानाला, म्हणजे.”
तो हसू शकत नव्हता.
खांदे हलले.

मग लाल दिवा.
लहानपणी बॅटरीवर पंजा ठेवल्यावर
बोटांच्या कडा पेटायच्या,
तसा त्याचा गाल बाहेरून दिसू लागला.
तीन मिनिटं उजेड, जरा थांबा, पुन्हा तीन मिनिटं.
जळतं. सगळे सांगतात, जळतं.
त्याने खुर्चीचा हात स्टिअरिंगसारखा धरला होता,
थांबायचं तर बोट वर करा, हे ठरलेलं,
एकदाच वर केलं,
घाटात समोरच्याला वाट देताना करतात तेवढंच.

सात खेपांनंतरचा फोटो.
पेरूचा हिरवा बऱ्यापैकी परतलेला.
मागच्या दाढेजवळ तिळाएवढं काही उरलंय,
यंत्राला ते दिसलं नाही.
मी पिवळी रेघ ओढून ठेवली आहे.

तो कोट चढवत असताना साऊमाह खुर्चीत बसली.
“दिवा लावलाच आहेस तर बघ.
मी खात नाही हं. विकते फक्त.”
मग थांबून म्हणाली,
“चुना तेवढा चाखते. जिभेच्या टोकावर.
जास्त झाला तर गिऱ्हाईक परत येत नाही.”
सोळाव्या वर्षापासून.
दिवसातून तीस वेळा, चाळीस वेळा.

पडदा ओढला.
जीभ हिरवी उजळली, सगळी,
टोक सोडून.

पोळलेलं असेल. चुन्याने पोळतं.
मी फोटो काढला, पुढचा आकडा दिला.
लेकाल दारात उभा होता, हातात तिची छत्री.
पडद्यावर यंत्राची लाल रेघ येऊन थांबली आहे,
माझी
अजून ओढलेली नाही.